पाळबाबाची पेंढी

१

सावरबोडीच्या माणसाला दोन गोष्टींचा भारी ताठा. एक त्याचा तलाव आणि दुसरा त्याचा पाळबाबा. अर्जुनी मोरगावच्या बाजारात हा माणूस ओळखायला गाव विचारावं लागत नाही. धानाचा भाव बोलता बोलता तो पाळबाबावर येतोच, आणि एकदा आला की समोरच्याची एसटी चुकते.

पाळबाबा म्हणजे तलावाच्या पाळीवर, जुन्या विटांच्या चौथऱ्यावरच्या दगडी देवळात बसलेला देव. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून त्याचं नाक-तोंड काही दिसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शेंदराची ती जाडजूड खोळ आपोआप निखळली आणि आतून निघाले मिटल्या डोळ्यांचे, मांडी घालून बसलेले बुद्ध. जाणकार आले, चौथरा पाहून गेले. हे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं बुद्धमंदिर असावं, असं त्यांनी सांगितलं, आणि सावरबोडीचा ताठा दुप्पट झाला.

दुसऱ्या एखाद्या गावात यावरून डोकी फुटली असती. सावरबोडीत भांडण लागलं, पण दोघांतच. एक होती धुरपताबाई. पाळबाबाच्या दिव्याचा आणि शेंदराचा मान तिच्या सासरी पूर्वापार. दुसरा शालीकराम, तलावापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे धाकट्या वस्तीतल्या, बौद्ध विहाराचा कारभारी. ती म्हणे शेंदूर लावणार, तो म्हणे बुद्धाला शेंदूर लावायचा नाही. दर शनिवारी हे भांडण पाळीवर रंगायचं आणि पोरंसोरं ऐकायला जमायची.

तर त्या शुक्रवारी सकाळी शालीकरामची सून रेणू नेहमीप्रमाणे फुलं घेऊन पाळीवर गेली आणि फुलांची परडी तशीच घेऊन दुर्गेश्वरीच्या दारात आली.

"पाटलीनबाई, बाबा नाही," ती म्हणाली.

"नाही म्हंजे?"

"बसायची जागा आहे. बाबा नाही."

दुर्गेश्वरी सावरबोडीची पोलीस पाटील. पोलीस पाटलाला गणवेश नसतो की काठी नसते, पण गावात काही झालं की लोक ठाण्याआधी त्याच्या दारात येतात. त्यात ती धुरपताबाईची सून. म्हणजे चोरी तिच्या हद्दीत झाली होती आणि तिच्याच घराण्याच्या देवाची.

देवळाला दार नव्हतंच, मग कुलूप कुठलं. दुर्गेश्वरीने पायरीवर चपला काढल्या आणि आत वाकून पाहिलं. दगडी बैठक मोकळी. कोनाड्यात काठोकाठ तेल भरलेली पणती. पायरीच्या कोपऱ्यात या हंगामातली तणसाची पेंढी, सुतळीने नीट बांधलेली. ही सावरबोडीची रीत होती. धान झोडून झालं की उरलेल्या काडाची, तणसाची, पहिली पेंढी पाळबाबाच्या पायरीवर. लग्नानंतर पहिल्या वर्षी दुर्गेश्वरीने सासूला विचारलं होतं, तणस तर बैल खातात, देवाले कायले? सासू म्हणाली होती, "आमची सासू ठेवत होती, आमी ठेवतो. तू बी ठेव."

मग तिने खाली पाहिलं. जमिनीवर झडलेल्या शेंदराची लाल भुकटी पसरली होती आणि तिच्यावर पायांचे ठसे होते, आत येणारे, बाहेर जाणारे, ओझ्याने रुतलेले. सगळे अनवाणी. बुटाचा किंवा चपलेचा एकही ठसा नव्हता.

दुर्गेश्वरी बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिली. देव चोरणाऱ्यांनी चोरी करण्याआधी पायरीवर चपला काढल्या होत्या.

२

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुपार व्हायच्या आत गावात कुजबुज सुरू झाली की टोल्यावरच्यांनी मूर्ती विहारात नेली, आणि टोल्यावर कुजबुज सुरू झाली की शेंदूरवाल्यांनी रागाने तलावात ढकलली. तलाव एक, पाणी एक, आणि कालपर्यंत त्या पाण्याच्या पाळीवर दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या डोक्यावर घागरी चढवून देत होत्या. त्या दिवशी रेणू घागर घेऊन आली तेव्हा कोणी हात पुढे केला नाही. दुर्गेश्वरीने हे पाहिलं आणि मूर्ती गेल्याच्या दुःखापेक्षा तिला याची भीती जास्त वाटली.

त्यात उद्या दुपारी नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या हर्षा मॅडम दुसऱ्यांदा येणार होत्या. मूर्ती आहे तिथे ठेवायची की संग्रहालयात न्यायची, हे त्या बघून ठरवणार होत्या. बघायला मूर्तीच नसेल तर दुर्गेश्वरीला ठाण्यात चोरी कळवावी लागणार, कुणाचं तरी नाव संशयित म्हणून द्यावं लागणार, आणि ते नाव कुठल्याही बाजूचं असलं तरी दोन वस्त्यांमध्ये जी भिंत उभी राहील ती कोण पाडणार?

तिने सुरुवात घरापासून केली. धुरपताबाई मागच्या अंगणात, खळ्याजवळ धान पाखडत बसली होती. साठी उलटलेली, काटक, बोलायला फटकळ बाई. पण आज तिचं सूप नेहमीपेक्षा हळू हलत होतं.

"आत्याबाई, काल संध्याकाळी तुमी दिवा लावाले गेल्या होत्या?"

"गेली होती."

"बाबा जागेवर होता?"

"होता ना. दिवा लावली, हात जोडली, घरी आली." सासूने मान वर केली नाही. "कोनं नेला असंल त्याचं बाबा पाहून घेईन. तू जेवून घे आधी."

ज्या बाईने दोन वर्षं शेंदरासाठी आकाशपाताळ एक केलं, ती देव गेल्यावर सुनेला जेवून घे म्हणते, हे दुर्गेश्वरीला चमत्कारिक वाटलं. पण दुःख माणसाला गप्प करतं, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

गोठ्यात बैल हंबरत होते. ती खळ्यातल्या तणसाच्या गंजीकडे वळली, तशी सासू मागून ओरडली.

"त्या गंजीले हात नोको लावू. खालून ओली आहे, बुरशी धरन. बकारामकडून आणून ठेवली मी दोन भारे, ते घाल."

बकाराम म्हणजे शेजारचा म्हातारा. आपली गंजी उभी असताना शेजाऱ्याकडून तणस आणायचं, ही धुरपताबाईची रीत नव्हे. ती तर वाळलेलं पानही कुणाकडून घेत नसे. पण दुर्गेश्वरीचं डोकं पाळीवर होतं. गंजीच्या पायथ्याशी सासूच्या चपला पडल्या होत्या. खळ्यात धसकटं पसरलेली, त्यात म्हातारी अनवाणी फिरून राहिली, म्हणून तिने त्या उचलल्या, सुपाजवळ आणून ठेवल्या आणि बाहेर पडली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण उगाच म्हणत नाही.

३

पहिला वळसा ओमेशच्या राइस मिलला. ओमेशला गावात कोणी चांगलं म्हणत नसे, आणि त्यालाही त्याची फिकीर नव्हती. पाळीवरून मिलपर्यंत ट्रक जावा म्हणून रस्ता रुंद करायला तो वर्षभर मागे लागला होता, आणि रस्त्यात नेमकं देऊळ येत होतं.

"माह्यावरच येणार तुमी, मले माहीत होतं," तो खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "मी ग्रामसभेत बोललो होतो ना, की तो दगड बाजूले सरकवा."

"बोलला होता."

"बोललो. तोंडावर बोललो. पाटलीनबाई, ज्याले चोरी करायची आहे तो ग्रामसभेत उभा राहून सांगते काय?"

हे खरं होतं. दुर्गेश्वरीने विचारलं, "काल कोणी दिसलं पाळीवर?"

"कोणीच नाही. दिवस बुडताना मी मोटरसायकलवर तठूनच आलो. देवळात अंधार गुडुप. म्हणलं, धुरपताबाई आज दिवा लावाले आली नाही वाटते. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"दिवा नव्हता?"

"नव्हता. तुमच्या सासूले विचारा."

सासूला विचारूनच ती आली होती. सासू म्हणते दिवा लावला, ओमेश म्हणतो अंधार होता. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि धुरपताबाईविरुद्ध ओमेश म्हटल्यावर अख्ख्या सावरबोडीने विचार न करता ओमेशकडे बोट दाखवलं असतं. दुर्गेश्वरीनेही मनात तेच केलं.

दुसरा संशयित स्वतःच गाडी घेऊन हजर झाला. गोंदियाचा इंद्रकुमार, फरशी आणि ग्रॅनाइटचा व्यापारी. जुन्या मूर्तींचं त्याला वेड होतं, नागऱ्याच्या शिवमंदिराचे फोटो तो येईल त्याला दाखवायचा. काल दुपारी गाव शेतात असताना तो पाळीवर टेप घेऊन मूर्ती मोजताना दिसला होता. गावाने त्याला चोर ठरवून टाकलंच होतं.

"भाभीजी, मैं तो काच का बॉक्स बनवाने वाला था," तो घामेघूम होऊन म्हणाला. "देवाला धूळ लागते म्हणून. इसीलिए नाप लिया. आप फोटो देख लो, मी निघालो तेव्हा मूर्ती होती."

त्याने मोबाइल पुढे धरला. फोटोत मूर्ती होती, मिटलेले डोळे, खांद्यावर रेणूचा झेंडूचा हार. देवळाबाहेर पाळ, तलाव आणि एका कडेला तणसाने भरलेली बैलबंडी. बंडीचं तोंड तलावाकडे आणि पाठ देवळाच्या पायरीकडे.

"ही बंडी कोनाची?"

"काय माहीत. कोई बुढ्ढा था. माझ्याशी बोलला नाही. सुबह रास्ते में मिला था, तब मैंने ही बोला उससे, की परसों मॅडम बडी गाडी लेके आ रही है, मूर्ती नागपूर जाएगी, आखरी बार दर्शन कर लो."

"तुमाले कोनं सांगतलं, नागपूरले जाईल म्हणून?"

"सगळीकडे तसंच होतं, भाभीजी. दरवाजा नहीं, ताला नहीं, चौकीदार नहीं. कोण ठेवणार इथे?"

तो निघून गेला, पण दुर्गेश्वरी तिथेच उभी राहिली. हंगामाच्या दिवसांत तणसाची बंडी गावात कुठेही दिसते, तिच्याकडे कोण बघतो. पण पाळ कुणाच्याच शेताच्या वाटेवर नव्हती. मग तणसाने भरलेली बंडी देवळापाशी पाठ करून उभी कशाला राहील?

४

ती पुन्हा पाळीवर गेली. आता तिला मूर्तीची मोकळी जागा बघायची नव्हती. तिला पणती बघायची होती.

कोनाड्यातली पणती तिने उजेडात आणली. तेल काठोकाठ. वात नवी, पांढरीशुभ्र, टोकाला काजळीचा ठिपकासुद्धा नाही. ही वात पेटलीच नव्हती. कोणी तरी काल दिवसा तेल-वात तयार करून ठेवली होती आणि संध्याकाळी ती लावायला कोणी आलं नव्हतं.

ओमेश खरं बोलला होता.

दुर्गेश्वरी पायरीवर बसली. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सासूला तिने भांडताना, रुसताना, टोमणे मारताना पाहिलं होतं. खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. आणि धुरपताबाई दिवा चुकवणारी बाई नव्हती. तापाने फणफणली असतानाही ती सुनेच्या खांद्यावर हात टाकून पाळीवर आली होती. ती दिवा लावायला आली नाही याचा अर्थ एकच, तिला माहीत होतं की इथे दिवा लावण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणजे मूर्ती रात्री गेलीच नव्हती. सगळं गाव विचारत होतं की रात्री कोण आलं, आणि बाबा तर भरदिवसा, सूर्य डोक्यावर असताना गेला होता. कशातून, तेही आता उघड होतं. बंडीत तणसाखाली काय आहे हे सावरबोडीत कोण बघणार?

बकारामची बंडी. बकारामचं तणस. आणि बकारामकडूनच सासूने आणलेले दोन भारे.

उद्या मॅडमसमोर, दोन्ही वस्त्यांसमोर, पोलीस पाटलाला नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते नाव तिच्या घरातलं होतं. ते लपवलं तर संशय शालीकरामवर जाऊन बसणार, हेही तिला ठाऊक होतं. लोकांनी त्याला कधीच चोर ठरवलं होतं.

पण सत्तरीचा बकाराम आणि साठीची धुरपताबाई, दोघांनी मिळून तो दगड उचलला? छे. मूर्ती लहान असली तरी नुसता दगड होता. तिसरा कोणी तरी होता, खांद्यात बळ असलेला.

५

तिसरा शोधायला तिला जावं लागलं नाही. ती शालीकरामला भेटायला टोल्यावर गेली, तेव्हा तो विहारासमोर झाडून घेत होता. उंचापुरा माणूस, आयुष्यभर लाकूड वाहिलेले खांदे.

"काका, लोक तुमचं नाव घेऊन राहिले," ती म्हणाली.

"घेऊ दे."

"तुमाले राग येत नाही?"

"बुद्ध कठी जात नाही, पाटलीनबाई." त्याने केरसुणी भिंतीला टेकवली. "धुरपताबाई जेवली काय?"

दुर्गेश्वरी त्याच्याकडे बघतच राहिली. दर शनिवारी ज्या बाईशी कडाकडा भांडायचं, तिच्या जेवणाची चौकशी, तीही आज? आणि बुद्ध गेल्याचं दुःख म्हणावं तर चेहऱ्यावर औषधाला नाही. पण त्याने आणखी एक शब्द बोलायचं नाकारलं.

ती घरी परतली आणि मागच्या अंगणात गेली. मागच्या कुंपणाला, खळ्यापासून पार लांब, गंजीकडे तोंड करून एक पणती ठेवली होती. कालच्या तेलाचा ओघळ दगडावर वाळला होता. या घरात मागच्या कुंपणावर दिवा कधी लागत नसे.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. शालीकराम आडवाटेने आत आला. त्याने तिला पाहिलं नव्हतं, ती गोठ्याच्या सावलीत होती. तो खळ्यापाशी थांबला, इकडेतिकडे बघून चपला काढल्या, धसकटांतून अनवाणी चालत गंजीपर्यंत गेला आणि क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. मग वळला, चपला घातल्या आणि निघून गेला.

धानाच्या राशीपाशी चपला काढतात. रास म्हणजे लक्ष्मी, तिथे पायताण घालून गावातलं शेंबडं पोरही जात नाही. पण तणसाच्या गंजीपाशी? गंजीवर पोरं उड्या मारतात, कुत्री झोपतात, माणसं विडी ओढत टेकतात. बैलांच्या चाऱ्याला कोण चपला काढून नमस्कार करतं?

सकाळी गंजीच्या पायथ्याशी पडलेल्या सासूच्या चपला तिने स्वतःच्या हातांनी उचलल्या होत्या.

आणि मग तिला ती पेंढी आठवली, पायरीवरची. देवाला तणस कायले, हा तिचा बारा वर्षांपूर्वीचा प्रश्न. त्याचं उत्तर समोर उभं होतं, तिच्याच खळ्यात, माणसापेक्षा उंच, पिवळंधमक. यांना ही युक्ती काल सुचली नव्हती. ही युक्ती या गावाइतकीच जुनी होती.

६

शनिवारी दुपारी हर्षा मॅडमची गाडी आली, मागे एक टेम्पो. टेम्पोत लाकडी पेटी आणि तिच्यात भरायला भुसा होता. गाव एका बाजूला उभं होतं, टोला दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक बंडी जाईल एवढी वाट मोकळी होती.

दुर्गेश्वरीने मॅडमना पाळीवर नेलंच नाही. ती त्यांना थेट आपल्या खळ्यात घेऊन आली, मागे सगळे.

"मॅडम, मूर्ती सुखरूप आहे," ती म्हणाली. "पण आधी ऐकून घ्या. मंग तुमाले जे लिहायचं ते लिहा."

तिने सांगायला सुरुवात केली. शेंदराच्या भुकटीवरचे अनवाणी पाय सांगितले. "चोर देवाले पाठीवर टाकून नेईन, पण त्याच्यासाठी चपला काढत नाही. म्हणून मी समजली, हा चोर नव्हता." ओमेशचं नाव घेऊन ती म्हणाली की तो खरं बोलला, तेव्हा ओमेशने गर्दीत पहिल्यांदाच मान वर केली. मग न पेटलेली वात, मग फोटोतली बंडी, मग आपल्या घरात आलेलं दुसऱ्याचं तणस. गर्दीत बकाराम हळूच मागे सरकला.

"आता नाव घेतो," दुर्गेश्वरी म्हणाली. "बाबाले लपवणारी माह्या घरची आहे. माही सासू."

"मीच," धुरपताबाई पुढे येऊन म्हणाली. "काऊन लाजायचं?"

"ती एकटी नाही," दुसऱ्या बाजूने शालीकराम बोलला. "उचलला मी. तिच्यानं काय उचलते."

"बंडी माही होती," बकारामनेही मागून सांगून टाकलं, नाहीतर आपला मान बुडेल अशा सुरात.

दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे दोघे? शनिवारचे भांडखोर?

"भांडण शेंदराचं आहे," धुरपताबाई म्हणाली. "बाबाचं नाही. तो गाडीवाला बकारामले सांगून गेला, बाबा नागपूरले जाऊन राहिला. बकारामनं मले सांगतलं. मी पोलीस पाटलाची सासू, सुनेले कसं सांगू? तिले खोटं बोलाले लावू? मंग मी याच्याकडे गेली."

हर्षा मॅडम शांतपणे ऐकत होत्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "तुमची भावना कळते मला. पण बघा, हीच तर अडचण आहे. दिवसाढवळ्या तीन म्हातारी माणसं मूर्ती नेऊ शकतात. उद्या खरा चोर आला तर? अशी मूर्ती इथे सुरक्षित आहे असं मी कसं लिहू?"

बोलणं रास्त होतं.

"मॅडम, पायरीवरची तणसाची पेंढी पाहिली तुमी मागच्या वेळी?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"पाहिली. फोटोही आहे. कशासाठी असते ती?"

"अठी कोणालेच माहीत नाही. मी बी विचारली होती. देव तणस खात नाही, झोपत नाही तणसावर. तरी दरवर्षी पहिली पेंढी त्याची. मी काल रात्रभर विचार केली. ही पेंढी नैवेद्य नाही, मॅडम. ही आठवण आहे. या देवाले कधीतरी तणसानं वाचवलं आहे. एकदा नाही, कितीदातरी. म्हणून याइले कोणाले विचारावं लागलं नाही, कठी लपवायचं ते."

धुरपताबाई सुनेकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"हे मी तुले मरताना सांगणार होती," ती म्हणाली. "माह्या सासूनं मले तसंच सांगतलं. पेंढारी आले तेव्हा बाबा तणसात होता. त्याच्याही आधी कोनाची फौज आली तेव्हा तणसात होता. तो कोन आहे हे आमाले माहीत नव्हतं, मॅडम. मी शेंदूर लावत होती, मी अडाणी. पण आपल्या भरवशावर बसला आहे एवढं माहीत होतं. सासूनं सुनेले सांगायचं, दुसऱ्या कोणाले नाही. अन् माही सून पाहा, मी सांगायच्या आधी वळखली." शेवटचं वाक्य ती मॅडमना नाही, सगळ्या गावाला ऐकवत होती.

"अर्धं तिच्या घरी सांगतात," शालीकराम म्हणाला, "अर्धं आमच्या. झाकायचं काम त्याइचं, उचलायचं आमचं. ज्या काळी आमाले देवळाच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते, त्या काळी बी संकट आलं की बाबा आमच्याच खांद्यावर होता. माहा बाप सांगे, आपण कोणाचं ओझं वाहून राहिलो ते एक दिवस समजंल. दोन वर्षांपूर्वी खोळ पडली, तवा समजलं." तो थांबला. "तुमी पेटी आणली, मॅडम. चांगली आहे. पण आमची पेटी जुनी आहे."

गावाच्या बाजूने कुणीतरी खाली मान घातली, कुणी डोळे पुसले. शालीकरामने जे सांगितलं ते ऐकायला सोपं नव्हतं, पण ते ऐकताना कुणी तोंड फिरवलं नाही. रेणूच्या शेजारी गावातली एक बाई येऊन उभी राहिली, आणि मग ती मधली मोकळी वाट कधी बुजली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हर्षा मॅडम खाली वाकल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट-मोजे काढून बाजूला ठेवले आणि धसकटांतून जपून पाय टाकत गंजीपर्यंत गेल्या.

"पेटी परत घेऊन जा," त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. "मोजमाप इथेच घेऊ. देवळाला दार करावं लागेल, जाळी लागेल, आणि राखण गावाने आळीपाळीने करायची, दोन्ही वस्त्यांनी. वरच्यांना पटवायचं काम माझं. काय लिहायचं ते मला कळलं आहे." मग धुरपताबाईकडे वळून म्हणाल्या, "मात्र आजी, पुन्हा मला न सांगता हलवायची नाही."

"पेंढारी आले तर?" धुरपताबाईने विचारलं.

मॅडम हसल्या. "आले तर हलवा."

शालीकरामने आणि टोल्यावरच्या पोरांनी पेंढ्या एकेक करून उतरवल्या. मधोमध, सोन्यासारख्या तणसात, मिटल्या डोळ्यांचा पाळबाबा बसला होता, खांद्यावर रेणूचा सुकलेला झेंडू. बकारामच्या बंडीतून तो परत निघाला तेव्हा पुढे ओमेश चालत होता आणि वाटेतली माणसं बाजूला करत होता, जणू काही रस्ता रुंद करायचा त्याचा हेतू पहिल्यापासून हाच होता. पाळीवर मेणबत्ती शालीकरामने लावली, पणती धुरपताबाईने. शेंदूर मूर्तीला न लावता पायरीच्या दगडाला लावायचा, असं दोघांचं ठरलं. पायरीच्या वरच्या बाजूला की खालच्या, यावर तिथल्या तिथे नवीन भांडण सुरू झालं, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी बैल हंबरले. धुरपताबाई ओसरीवरून म्हणाली, "आता घाल आपल्या गंजीतलं. शेजाऱ्याचं किती दिवस खातील."

दुर्गेश्वरी खळ्यात गेली. गंजी विस्कटून अर्धी झाली होती, मधली जागा रिकामी होती. तिने बैलांसाठी भारा बांधला, त्यातली एक पेंढी वेगळी काढून सुतळीने आवळली आणि पाळीवर ठेवायला बाजूला ठेवली. मग तिचं खाली लक्ष गेलं. तिच्या चपला खळ्याच्या बाहेरच राहिल्या होत्या.